लोखंडाच्या आधी लाकूड

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर आजीच्या वेळचे एखादे शिवणयंत्र किंवा धान्य मोजण्याच्या तराजूची बिडाची वजने पडून असतील. सवड झाली म्हणजे त्यांतील एखादी वस्तू खाली काढावी, पुसावी आणि तिच्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवावा. कोठेतरी अंगठ्याला एक बारीक उंचवटा लागेल. कानशीने घासून तो पुष्कळसा मोडलेला असतो, तरी त्याचा माग राहतोच. ही त्या वस्तूची शिवण होय. वाळूच्या साच्याचे दोन अर्धे भाग जेथे एकमेकांस मिळाले होते, ती ही जागा. आणि त्या वाळूत वस्तूचा आकार उठला तो वस्तूने उठविला नव्हता, कारण वस्तू तेव्हा अस्तित्वातच नव्हती. तो उठविला होता एका लाकडी नमुन्याने. आज त्या लाकडाची व ते घडविणाऱ्या हातांची हकीगत सांगण्याचे मी योजिले आहे. ही हकीगत सातारा-सांगलीकडची आहे; आणि तिचा काही भाग माझ्या आजोळचा असल्यामुळे मी अगदी तटस्थपणे बोलेन अशी अपेक्षा कोणी करू नये.

आमच्याकडे साचा व नमुना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. ओतशाळेत मात्र तसे करून चालत नाही. साचा म्हणजे पोकळी, जीत रस ओतावयाचा ती. नमुना म्हणजे ती पोकळी उठविणारी भरीव वस्तू. कारखान्यातील लोक त्याला सरळ पॅटर्न म्हणतात आणि करणाऱ्यास पॅटर्नमेकर. माझे मामा असे पॅटर्नमेकर होते. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कृष्णाकाठच्या एका लहान गावचे बलुतेदार सुतार. या बापलेकांमध्ये जे घडले तेच थोड्याफार फरकाने आमच्या भागातील शेकडो सुतारांच्या घरांत घडले. त्याकडे मी पुढे येतोच.

प्रथम नमुन्याविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नमुना वस्तूसारखा दिसतो, पण हुबेहूब वस्तूसारखा केला तर तो निरुपयोगी होतो. बीड रसाच्या स्थितीतून घट्ट होऊन निवते तेव्हा आकसते, फुटामागे सुमारे अष्टमांश इंच. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब करीत बसण्याऐवजी पॅटर्नमेकर निराळी पट्टीच बाळगतो. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून अष्टमांश इंचाने लांब असतो. पितळेची पट्टी वेगळी, कारण ते अधिक आकसते. पोलादाची आणखी वेगळी, कारण ते फुटामागे जवळजवळ पाव इंच आकसते. मामांच्या पेटीत अशा तीन पट्ट्या असत. लहानपणी त्यांतील एक घेऊन मी शाळेत गेलो आणि माझी सारी माप-उदाहरणे चुकली. मास्तरांनी छडी मारली ती मी पट्टीच्या नावावर खपविली, परंतु मास्तरांचा काही विश्वास बसला नाही.

दुसरी गोष्ट उताराची. नमुना दाबून बसविलेल्या वाळूतून सरळ वर उचलावयाचा असतो. त्याच्या बाजू अगदी उभ्या असतील तर वाळू त्यांना धरून वर येते व साचा ढासळतो. म्हणून प्रत्येक उभ्या बाजूस एखाद-दोन अंशांचा निमुळतेपणा द्यावा लागतो, इतका अल्प की पाहणाऱ्यास तो कळू नये. जेथे बीड पुढे यंत्रावर कातावयाचे असेल तेथे जादा जाडी सोडावी लागते. आतले कोपरे धारदार ठेवले तर बीड निवताना तेथे तडकते. त्यासाठी कोपऱ्यांत मेण किंवा चामड्याची पट्टी बसवून ते गोल करावे लागतात. आणि वस्तूत जेथे भोक हवे तेथे नमुन्यात भोक नसतेच. तेथे उलट एक शिंग बाहेर आलेले असते! त्या शिंगाने वाळूत जी खोबण पडते, तीत निराळ्या वाळूचा भाजलेला गाभा बसवितात, व रस त्याच्याभोवती फिरून जातो. सारांश, मोठा, तिरका, जाडा, भोकाच्या जागी शिंगे असलेला असा हा नमुना असतो. आणि त्यातून जी वस्तू निघते ती मात्र नेमकी असावी लागते. पॅटर्नमेकरास लाकूड दिसत असते, पण तो मनात वाळू, रस आणि निवलेले बीड या तिन्ही अवस्था पाहत असतो.

ही विद्या आपल्याकडे अगदी परकी नव्हती. मेणाचा आकार करून त्यावर माती लिंपावयाची, मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत धातू ओतावयाचा, ही देवांच्या मूर्ती करण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. मोठ्या ओतकामाचे उदाहरण पाहावयाचे तर विजापूरची मुलुखमैदान तोफ घ्यावी. ती १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली. सुमारे पंचावन्न टनांची. तिच्या तोंडाशी जबडा पसरलेले हिंस्र पशूचे मुख आहे आणि ओतणाऱ्याचे नाव, मुहम्मद बिन हुसेन रूमी, तोफेवरच कोरलेले आहे. या नावाची आठवण श्रोत्यांनी मनात ठेवावी. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे तीही पाहण्याजोगी आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील पोर्तुगीज देवळांतल्या ज्या घंटा देशावर आल्या त्यांतील ही एक. युरोपात जुन्या काळी अशा घंटा ओतताना प्रथम मातीचा गाभा करीत, त्यावर मातीचीच एक खोटी घंटा घडवीत, तिच्यावरून बाहेरचा साचा उतरवून घेत आणि मग ती खोटी घंटा फोडून टाकीत. खऱ्या घंटेसाठी तेवढीच जागा मोकळी राही. घाटावर तासन् तास बसलेली माणसे मी पाहिली आहेत; त्या घंटेच्या आधी एक मातीची घंटा होऊन गेली हे मात्र फारच थोड्यांच्या मनात येत असेल.

परंतु मूर्ती किंवा घंटा एकदाच ओतावयाची असते. मेण वितळले, माती फुटली, काम संपले. एकाच आकाराचे हजार नग, तेही शेतकऱ्यास परवडतील अशा किमतीस, काढावयाचे ठरले की मेण व माती पुरी पडत नाहीत. तेथे पुनःपुन्हा वाळूत बुडविता येईल असा टिकाऊ नमुना हवा. आणि आमच्या भागात ही गरज उत्पन्न केली ती नांगराने.

गावच्या सुताराचा नांगर बाभळीचा. खोड, हाळीस, रुमणे सारे लाकडाचे, आणि पुढे लोहाराने दिलेला फाळ. तो जमीन चिरतो, पण उलथीत नाही. जमीन उलथण्यासाठी फाळामागे एक वळणदार पंख लागतो. हा पंख सपाट नाही, सरळ गोलही नाही. पुढून मागे जाताना तो पीळ घेत जातो. त्याचा पीळ चुकला तर बैलांवर ताण येतो आणि माती उलटण्याऐवजी पुढे ढकलली जाते. पुढे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन या एका पंखाच्या मागे वर्षानुवर्षे लागले होते. लाकडाच्या ठोकळ्यातून करवतीने व वाकसाने हा आकार कोणत्याही साध्या कारागिरास बिनचूक कसा काढता येईल, याची रीत त्यांनी १७९८ साली सर जॉन सिंक्लेअर यांना पत्राने कळविली. इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ साली निराळ्याच अंगाने सुधारणा केली: साच्यात फाळाच्या एका बाजूस थंड लोखंड लावून ती बाजू झटकन निववावयाची, म्हणजे ती फार कठीण होते, दुसरी मऊ बाजू झिजत जाते आणि धार आपोआप टिकते. आपल्याकडे जे विलायती नांगर आले ते या परंपरेतले.

असा नांगर येथेच करावयाचा हा ध्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी घेतला. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तेथे त्याला रंग नीट ओळखू येत नाहीत असे आढळले. चित्रकला सुटली, रेखा मात्र हातात राहिली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक ड्रॉइंग शिकवू लागले; ती नोकरी सोडून बेळगावास आले; सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. मला या साऱ्या चरित्रात विशेष वाटते ते हे, की रंग न दिसणाऱ्या माणसाने आयुष्यभर आकारांचा धंदा केला. पंखाचा पीळ ओळखण्यास तांबडे-हिरवे कळावे लागत नाही.

बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला. बाळासाहेब स्वतः चित्रकार. संस्थानिक आणि कारखानदार या दोघांचाही हात ड्रॉइंगवर बसलेला, असा योग आपल्या इतिहासात वारंवार आलेला नाही. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. हा मुलूख तेव्हा औंध संस्थानचा. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण सातारा १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणून या धंद्याचा इतिहास सांगताना सातारा व सांगली ही दोन्ही नावे घ्यावी लागतात. त्या वेळी ते एकच होते.

आता मुद्द्याची गोष्ट. लोखंडी नांगर खपू लागला तसतसे गावच्या सुताराचे मोठे काम गेले. बलुते हे नांगर व औते नीट ठेवण्याबद्दल मिळावयाचे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही सारी व्यवस्था तिच्या गुणदोषांसह वर्णिलेली आहे. नेमक्या त्याच वर्षांत, पन्नास-साठ मैलांच्या टापूत, त्या व्यवस्थेचा एक खांब हलत होता. आणि ज्या नांगराने सुताराचे काम नेले तो नांगर ओतण्यासाठी प्रथम गरज लागली ती सुताराचीच! बिडाचा प्रत्येक भाग आधी लाकडात व्हावा लागे. रंधा, पटाशी, वाकस, करवत यांवर हात बसलेली माणसे लागत, आणि ती गावोगावच्या सुतारआळ्यांतच होती. बाभूळ तासणारा हात सागावर व शिवणीच्या लाकडावर वळला. शिवण पोत मऊ असून फारशी वाकत-तडकत नाही, म्हणून ती नमुन्यास चांगली. जे वळले ते तरले. जे वळले नाहीत त्यांच्याविषयी उद्योगाच्या इतिहासात काही लिहिलेले आढळत नाही.

माझे आजोबा वळले नाहीत. मामा एका ओतशाळेत लागले तेव्हा आजोबांनी वर्षभर त्यांच्याशी धड भाषण केले नाही. “ज्यानं आपला नांगर मोडला त्याचाच नांगर घडवायला चाललास,” एवढेच ते म्हणाले होते, असे आई सांगे. आजोबांचे म्हणणे अडाणीपणाचे होते असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. बलुत्याचे धान्य थोडे असे, पण ते कोणाच्या घरचे हे सुतारास ठाऊक असे आणि नांगर कोणी केला हे शेतकऱ्यास ठाऊक असे. कारखान्याच्या नांगरावर कारखान्याचे नाव ओतलेले असते. त्या नावाची अक्षरे नमुन्यावर बसविणाऱ्याचे नाव कोठेच नसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो नांगर वरदान होता. हरळीने भरलेली काळी जमीन लाकडी नांगराने कशी निघावयाची? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला अद्याप घालता आलेला नाही.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे बीड आटले. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, ही हकीगत आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ती ऐकताना लोक तोफेचा नांगर झाला म्हणून हर्ष मानतात, आणि मानावा असेच ते आहे. मामा मात्र म्हणत, तोफ वितळविणे सोपे. वितळल्यावर तिने नांगर व्हावे हे तिला सांगावयाचे कोणी? ते लाकूड सांगते.

पुढे कामे वाढली. किर्लोस्करवाडीस १९२६ साली पाणी उपसण्याचा सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. बाहेरून गोगलगाईच्या शंखासारखा आणि आतून सतत रुंदावत जाणारा, असा हा आकार म्हणजे पॅटर्नमेकराची कसोटी. बाहेरचा नमुना वेगळा आणि आतल्या पोकळीच्या गाभ्यासाठी लाकडी पेटी वेगळी. दोन्ही एकमेकांशी जुळली नाहीत तर पंपाची एक भिंत जाड व दुसरी कागदासारखी व्हावयाची. इकडे सातारा रोडला सर धनजीशा कूपर यांचा नांगरांचा व पुढे ऑइल एंजिनांचा कारखाना उभा राहिला होता. हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान झाले, ते थोड्याच महिन्यांपुरते. १९४० साली हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्याकडे गेला. कराडजवळ ओगलेवाडीस १९१६ पासून काच होऊ लागली. तेथील प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. कंदिलाची काचसुद्धा साच्यात फुगवूनच आकारास येते. असा हा पुणे-मिरज लोहमार्गाच्या दुतर्फा पसरलेला साच्यांचा मुलूख आहे. गाडीतून जाताना आपल्याला ऊस दिसतो.

आता मामांची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते ज्या कारखान्यात होते त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. एकदा सुमारे चार फूट व्यासाच्या दातेरी चाकाचे काम आले. तोंडी सांगण्यात आले की ते बिडाचे आहे. मामांनी बिडाची पट्टी घेतली, तीन आठवडे खपून सागाचा नमुना केला. दातन् दात वेगळा कापून सरसाने बसविला. पुढे कोणी तरी ठरविले की चाक पोलादाचे हवे, आणि तोच नमुना पोलाद ओतणाऱ्याकडे गेला. चाक निवून हाती आले ते व्यासाला अर्धा इंच कमी. कातण्यासाठी दोन्ही बाजूंस सोडलेले अष्टमांश इंच त्यात केव्हाच बुडाले होते. चौकशी झाली, कागदावर कोठेही धातूचे नाव नव्हते, तोंडी सांगणाऱ्यास काही स्मरेना. मामांच्या पगारातून चार महिने रक्कम कापली गेली. त्या दिवसापासून ते प्रत्येक नमुन्याच्या तळाशी, जेथे वाळू लागणार नाही अशा जागी, धातूचे नाव, पट्टीचे माप आणि तारीख ठशांनी उमटवू लागले. स्वतःचे नाव कधी घातले नाही. मी एकदा मुलुखमैदानावरच्या रूमीची आठवण करून दिली. ते म्हणाले, “त्यानं तोफ वतली. मी वतत न्हाई, मी फकस्त लाकूड तासतो.” मी शाळामास्तर, मला हे उत्तर पटले नाही, पण उलट काही सांगताही आले नाही.

लाकडी नमुना वाळूत बुडून बुडून झिजतो. फार नग काढावयाचे असले की त्यावरून धातूचा नमुना ओतून घेतात आणि लाकडी नमुना मांडणीवर जातो. ओतशाळांच्या माड्यांवर असे नमुने वर्षानुवर्षे पडून असत. वाळवी लागे, आणि जागेची टंचाई झाली की जळण म्हणून निकालात निघत. हल्ली पुष्कळ ठिकाणी संगणकावर आकार रेखून यंत्राकडूनच नमुना कापून घेतात. आकुंचनाचा हिशेब त्याही यंत्रास सांगावा लागतो.

माझा एक जुना विद्यार्थी सांगलीकडे मोटारगाड्यांच्या बॉडीचे काम करतो. बसच्या तोंडाचा भाग किंवा मालमोटारीच्या टपावरची वाऱ्याची ढाल गिऱ्हाइकाच्या मनाप्रमाणे घडवून देणे, हा त्याचा धंदा. पत्रा ठोकून असे पिळाचे आकार साधणे कष्टाचे. म्हणून तो ते फायबरमध्ये करतो. अमेरिकेत १९५३ साली कॉर्व्हेट नावाची मोटार फायबरच्या बॉडीसह विक्रीस आली, तेव्हापासून ही रीत मोटारधंद्यात रुळली. त्याने मला मुद्दाम नेऊन दाखविले. प्रथम लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर फेस व प्लॅस्टर, मग पुट्टी, मग क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या कागदाने घासणे, हे आठ-आठ दिवस चालते. मग मेणाचे हात, एकावर एक. मग त्यावर राळ व काचतंतूंचे थर देऊन साचा उतरवावयाचा, आणि त्या साच्यातून हव्या तितक्या वस्तू. नमुन्यावर केसाएवढा ओरखडा राहिला तर तो साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक बसच्या तोंडावर जातो. येथे वाळू नाही, भट्टी नाही. तरी पाहत असता माझ्या ध्यानात आले की तो उभ्या बाजूंना निमुळतेपणा देत होता, कोपरे गोल करीत होता, आणि जेथे आकार आत वळत होता तेथे साच्याचे दोन भाग करून मध्ये शिवण ठेवीत होता.

त्याची एक अडचण होती. एका बसचे तोंड साच्यातून सुटत नव्हते. दोनदा प्रयत्न केला, दोनदा कड फाटली. साचा एका बाजूस अर्ध्या अंशानेही उघडा नव्हता. मी त्याला मामांच्या पेटीविषयी सांगितले. दुसऱ्या रविवारी तो घरी आला. पेटी उघडून त्याने तिन्ही पट्ट्या ओट्यावर ओळीने मांडल्या, आपल्या खिशातली पोलादी पट्टी त्यांच्या शेजारी ठेवली आणि बाराव्या इंचाच्या खुणा कोठे कोठे येतात ते वाकून पाहू लागला. मग त्याने विचारले, “मास्तर, उतार किती देत होते ते? त्याची पट्टी नाही का यात?” उताराची पट्टी पेटीत नव्हती. मामा तो डोळ्यांनी देत असत. पेटीच्या तळाशी नांगराच्या पंखाचा एक वीतभर लहान नमुना मात्र होता, शिवणीच्या लाकडाचा, लाखेने चकचकीत केलेला. विद्यार्थ्याने तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरविला, आणि कोनमापक आणण्यासाठी गाडीकडे गेला.